बुडालेला रोज

कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यात, बंदीपूरच्या अरण्याजवळ सरगूर हे गाव आहे. त्या परिसरात जेनु कुरुब हा आदिवासी समाज राहतो. कन्नडमध्ये ‘जेनु’ म्हणजे मध. मध गोळा करणे हे या समाजाचे परंपरागत काम. १९७३ साली बंदीपूर व्याघ्रप्रकल्प झाला, त्याच दशकात कबिनी नदीवर धरण उभे राहिले आणि अनेक कुटुंबांना जंगल सोडावे लागले. मधाचे ज्ञान उरले, पण मोहोळापर्यंतची वाट बंद झाली. त्यांतील पुष्कळजण कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत मजुरीला जातात.

अशा ७५ अतिदुर्बल आदिवासी समाजांसाठी केंद्र शासनाने २०२३ साली ‘पीएम-जनमन’ योजना आखली. तरतूद सुमारे २४,००० कोटी रुपयांची. घरे, रस्ते, पाणी यांच्याबरोबर तीत व्यवसाय-प्रशिक्षणही आहे. आपल्याकडील कातकरी, कोलाम, माडिया गोंडही त्या ७५ मध्ये येतात.

पैसा मंजूर झाला, हे चांगलेच झाले. परंतु दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेला कातकरी तरुण जानेवारीतल्या वर्गात कसा बसणार? शिकण्याचा प्रत्येक दिवस म्हणजे त्याचा एक बुडालेला रोज. माझ्या मते प्रशिक्षणाच्या खर्चात या रोजाची भरपाई सर्वांत आधी धरली पाहिजे. मग लोक पैशासाठीच वर्गात येतील, अशी शंका काहीजण घेतात. येईनात का! कारखान्यातील शिकाऊ उमेदवाराला १९६१ च्या कायद्याने विद्यावेतन मिळते. त्याच्या हेतूविषयी कोणी शंका घेत नाही. आणि वर्ग भरवावेत ते भाताची लावणी उरकल्यावर, भट्ट्या पेटण्याआधी, पाड्यावरच.