एकोणीस एकांची संख्या

नायगांवीं अध्यापन करीत असतां मुलें आम्हांस ‘एखादी मोठी मूळ संख्या सांगा’ म्हणून वारंवार म्हणत. तेव्हां आम्ही त्यांस पाटीवर एकापुढें एक असे एकोणीस एक मांडावयास सांगत असूं. भास्कराचार्यांनीं लीलावतींत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत. या संख्येचा पहिला अंक परार्धाच्याही पलीकडील घरांत पडतो!

नुसत्या एकांच्या संख्यांचें कौतुक आपल्याकडे नवें नाहीं. देवळाली येथें १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या ‘डेमलो’ संख्यांत या एकांचे वर्ग येतात. १११ चा वर्ग १२३२१. नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. ही शोभा नऊ एकांपर्यंतच अखंड राहते, पुढें हातचे येऊन ती बिघडते.

वर्गांत दिसणारी ही शिस्त भाजकांत मात्र दिसत नाहीं. एकांची गणती विभाज्य असेल तर संख्याही विभाज्य, हें उघड आहे. सहा एक दोन-दोनांच्या जोड्यांत मांडले कीं ११ नें भाग जातो. परंतु गणती मूळ असली म्हणजे संख्या मूळ असेलच असें नाहीं. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११,१११ म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४,६४९. अकरा, तेरा, सतरा एकांच्या संख्याही अशाच फुटतात. एकोणिसांची फुटत नाहीं.

हें कशावरून? वर्गमूळ सुमारें एकशेंपांच कोटी. त्याच्या आंत पांच कोटींहून अधिक मूळ संख्या आहेत. अहोरात्र बसून मिनिटास एक भागाकार केला तरी सुमारें शंभर वर्षें लागतील. येथें विचार उपयोगी पडतो. एखाद्या मूळ संख्येनें भाग जात असेल, तर दहाच्या एकोणिसाव्या घातास तिनें भागल्यास बाकी एक उरेल. एकोणीस ही स्वतः मूळ. म्हणून त्याहून लहान घातास एक बाकी उरणें फक्त तीनच्या बाबतींत संभवतें, आणि अंकांची बेरीज एकोणीस असल्यानें तीनचा प्रश्नच नाहीं. आतां फेर्मा या फ्रेंच पंडिताच्या १६४० च्या नियमानें त्या भाजकांतून एक वजा केल्यास एकोणिसानें निःशेष भाग जाईल. भाजक विषम, म्हणून अडतिसानेंही. अर्थात् १९१, २२९, ४१९ अशाच संख्या तपासावयाच्या. शंभर वर्षांचें काम सहा वर्षांच्या आंत आलें! वाचकांनीं घरांतील मुलांकडून ४१, २७१, २३९ यांवर हा नियम पडताळून घ्यावा. पांच एकांस दहा व सात एकांस चौदा हा अंक लागतो.

हल्लीं यंत्र क्षणांत उत्तर देतें, मग कारण कशाला, असें घरोघरीं ऐकूं येतें. आम्हांस तें मान्य नाहीं. यंत्रही अशाच कारणांच्या आधारें श्रम वांचवितें. शिवाय ज्या मुलानें कारण विचारलें नाहीं, त्यास १११ मूळ नाहीं हेंही दुसऱ्यानेंच सांगावें लागतें.

या संख्येनें एकास भागल्यास दशांशांत अठरा शून्यें व एक नऊ, हेंच एकोणीस अंकांचें चक्र फिरत राहतें. एकोणीस अंकांचें चक्र असलेली दुसरी मूळ संख्याच नाहीं. ऑस्कर हॉप्पे यांची सिद्धता १९१८ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें तेवीस एकांची संख्याही मूळ ठरली. त्यानंतरची तीनशें सतरा एकांची. ती मूळ असल्याचें १९७८ सालीं सिद्ध झालें.