उदबत्ती, पंखा आणि ‘आपोआप’

वर्गाच्या कोपऱ्यात उदबत्ती लावायची, वास आला की मुलांनी हात वर करायचा, आणि वहीत लिहायचं : निष्कर्ष - विसरण. २००६ साली आलेल्या एनसीईआरटीच्या नववीच्या विज्ञानात हा प्रयोग आहे. कण आपोआप एकमेकांत मिसळतात, म्हणजे विसरण, हेही तिथेच. माझं भांडण त्या ‘आपोआप’शी आहे.

उदबत्ती पेटलेली, म्हणजे तापलेली हवा वर चढणार. डोक्यावर पंखा गरगरतोय (नागपुरात एप्रिलमध्ये तो बंद करून दाखवा बरं!). खाली चाळीस पोरं. यात आपोआप काय आहे हो? हवा हलते आणि वासाला उचलून नेते. नुसत्या विसरणावर सोडलं तर शेवटच्या बाकापर्यंत वास जायला मिनिटं नव्हे, तास नि दिवस लागतील. रेणू धावतो सेकंदाला शेकडो मीटर, पण सारखा दुसऱ्या रेणूंवर आपटत, दिशा बदलत. मग वास इतका हळू का पसरतो, ही शंका बॉइस-बॅलट या डच शास्त्रज्ञाने काढली होती. क्लाउझियसने १८५८ साली या धडकांचंच उत्तर दिलं. १८५८, मंडळी!

आमच्याकडे तर शिकवायला कूलर आहे. वाळा भिजला, बटण दाबलं, खोलीभर वास. याला विसरण कोण म्हणेल?

माझ्या भाचीने वहीत लिहिलं, “पंख्यामुळे वास लवकर आला.” त्यावर लाल रेघ. बघून लिहिलं म्हणून मार्क गेला!

प्रयोग करायचाच तर असा करा. उदबत्ती नको, संत्र्याची ताजी साल घ्या. दारं-खिडक्या बंद. एक, दोन, चार मीटरवर डोळे मिटून मुलं बसवा, वेळ टिपा. अंतर दुप्पट झाल्यावर वेळ सुमारे चौपट लागला तर विसरण. दुप्पटच लागला तर वाहती हवा. मग पंखा लावून पुन्हा. मधेच रिकामी बशी ठेवा, काही बहाद्दर तरीही हात वर करतील :-) आणि दर वेळी मुलं बदला, नाक वासाला लवकर सरावतं.

‘पोर्शन कधी संपवायचा?’ असं शिक्षक विचारतात. मोजून तीन-चार तासिका लागतील. पंख्याचं बटण वर्गातच आहे, आणि साल तर आपण फेकूनच देतो.