'लो' म्हणजे किती? आणि कशामुळे?

आपल्या कोरीटमध्ये इंग्रजी येत नाही असं कोण म्हणतं? व्होल्टेज लो, बीपी लो, एचबी लो, बॅलन्स लो. कमी काहीही असो, शब्द एकच.

खरी इंग्रजी एवढी ढोबळ नाही. शाळेत पोरं 'लिटल' आणि 'अ लिटल' घोकतात. 'अ लिटल वॉटर' म्हणजे थोडं पाणी आहे, भागेल. 'लिटल वॉटर' म्हणजे पाणी नसल्यातच जमा. 'फ्यू' आणि 'अ फ्यू'चंही तसंच. आपण हेच काम एका 'च'वर करतो: थोडे पैसे आहेत, थोडेच पैसे आहेत. कारण सांगायला त्यांच्याकडे 'ड्यू टू', 'लॅक ऑफ' आहे, आपल्याकडे 'अभावी' आहे. पाण्याअभावी, पैशाअभावी. आपण मात्र 'लो' तेवढं उचललं. किती आणि कशामुळे, हे दोन्ही तिकडेच राहिलं.

व्होल्टेजचं ठीक आहे, मोटार उद्या चालू करू. पण एचबीचं काय? गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. ७ ते ९.९ ला 'मॉडरेट' म्हणतात. म्हणजे ९.८ वाली आणि ७.१ वाली एकाच शब्दात बसली! घरी निरोप काय येतो? "लो आहे, गोळ्या दिल्यात." बस्स.

आता कारण बघा. लोह कमी पडलं, पोटात जंत झाले, की सिकलसेल आहे? आपला जिल्हा सिकलसेलच्या पट्ट्यातला. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात, तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून. मिशन चांगलंच आहे. पण घरात 'लो' एवढंच कळत असेल तर तपासणी मागणार कोण?

गोळ्या बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. डॉक्टरांनी दिल्यात तर घ्याच. माझं म्हणणं एवढंच की कार्डावर आकडा लिहा, शेजारी कारण मराठीत लिहा आणि आशाताईंकडून ते घरच्यांना त्यांच्या बोलीत, भिलीत, अहिराणीत समजावून सांगा. याला वेगळा निधी लागत नाही.

आणि आपणही शिकू या. कुणी 'लो' म्हटलं की लगेच दोन प्रश्न विचारायचे: किती? कशामुळे? लाजायचं नाही.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.