सुटीचा धनी कोण?

लक्ष्मीपूजनानिमित्त कार्यालयास सुटी असल्यामुळे काल आमचा अंक प्रसिद्ध झाला नाही. वर्षातून जे मोजके दिवस वृत्तपत्राच्या वाट्यास विश्रांतीचे म्हणून येतात, त्यांपैकी हा एक. छापखान्यातील कामगारापासून पहाटेच्या काळोखात गठ्ठे उचलणाऱ्या विक्रेत्यापर्यंत सर्वांनी त्या दिवशी आपापल्या घरी दिवा लावावा, इतकाच ह्या सुटीमागील हेतू. एक काळ असा होता की, अंक निघाला नाही म्हणजे त्या सकाळपुरती बातमीही निघत नसे. जगात जे काही घडावयाचे ते घडतच असे. परंतु त्याची वार्ता एक दिवस उशिरा कळली म्हणून कोणाच्या फराळाची चव बिघडत नसे.

काल अंक नव्हता, पण बातमी मात्र थांबली नाही. बेसा भागात राहणाऱ्या एका वृद्ध वाचकांनी आम्हांस दूरध्वनीवर जो प्रश्न केला, तो म्हणूनच आम्हांस जाहीर विचारास योग्य वाटतो. ते म्हणाले, “अंक नाही ह्याची आमची तक्रार नाही. तुमच्या माणसांनाही दिवाळी आहेच. परंतु सकाळपासून मोबाईलवर एकच वार्ता चार ठिकाणांहून आली आणि चारही ठिकाणी ती निराळी आहे. खरी कोणती, हे आता कोणास विचारावे?” प्रश्न साधा आहे. मात्र तो केवळ एका वार्तेचा नाही. सणासुदीच्या दिवसांत आपल्या वाट्यास जो थोडा मोकळा वेळ येतो त्याचा धनी कोण, आपण की आपल्या हातातील यंत्र, असा तो प्रश्न आहे. ह्याच कारणाने आज नेहमीच्या राजकीय विषयास बाजूस सारून पहिल्या पृष्ठावर आम्ही त्याची चर्चा करीत आहोत.

बेसा हे नाव आम्ही मुद्दाम घेतले. नागपूरच्या दक्षिणेस एकेकाळी शेतशिवाराचे असलेले हे गाव आज सदनिकांच्या उंच इमारतींनी भरून गेले आहे. पिपळ्यासह तेथे आता नगरपंचायत आली आहे. मनीषनगर, बेलतरोडी, घोगली ह्या बाजूंनी वस्ती अशी वाढली आहे की, शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते हे सांगणे कठीण व्हावे. निवृत्तिवेतनातून किंवा कर्ज काढून येथे घर घेतलेले कितीतरी मध्यमवर्गीय गृहस्थ आपणांस भेटतील, ज्यांची मुले पुण्यास, बंगळुरास किंवा सातासमुद्रापलीकडे आहेत. सज्जात आकाशकंदील लागतो, दारात रांगोळी निघते, चिवडा-शंकरपाळ्यांचे डबे भरतात. परंतु ते रिकामे करणारे हात मात्र पडद्यावर दिसतात. अशा घरांत दिवाळी हा वर्षातील सर्वांत गजबजलेला आणि त्याच वेळी सर्वांत एकटा सण होऊ लागला आहे.

तथापि ह्याचा सारा दोष यंत्राच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. न्यूजर्सीतील नातवाचे अभ्यंगस्नान नागपुरात बसून आजीला पाहावयास मिळते, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. पूर्वी परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र येण्यास पंधरवडा लागे आणि तेवढ्यावर आईचे समाधान होई, ह्याची आठवण ज्यांना आहे ते आजच्या सोयीस नावे ठेवणार नाहीत. छापील शुभेच्छांविषयी जी नाके मुरडली जातात, त्यांतही फारसा अर्थ नाही. तारखात्याकडे सणांच्या शुभेच्छांची ठराविक वाक्ये क्रमांक देऊन तयार ठेवलेली असत. आपण क्रमांक सांगावा आणि पलीकडे शुभेच्छा उमटावी, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे आयत्या शुभेच्छा ही काही आजची अवकळा नव्हे. भेद आहे तो एवढाच की, त्या क्रमांकासाठीदेखील कोणीतरी घराबाहेर पडून तारघरापर्यंत चालत जाई आणि पदरचे पैसे मोजी. घेणाऱ्यास त्या चालण्याचे मोल कळत असे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता एका बोटाच्या टोकाने दोनशे जणांना एकच दिवा पाठविता येतो. आणि जे दोनशे जणांना पाठविले ते कोणा एकासही पाठविले असे होत नाही.

यंत्राने माणसे जोडता येतात ह्याचा पुरावा शोधण्यास फार दूर जावयास नको. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, आणि आठवड्यास एक नवे गीत. अशी छप्पन्न गीते वर्षभर महाराष्ट्राने ऐकली. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ सालचे. घरोघरी रेडिओ नव्हता हे खरेच. परंतु ज्याच्या घरी तो होता त्याच्या ओसरीवर शेजार जमत असे. पुढे जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ ह्या काळात दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेने रविवारची सकाळ अशीच बांधून टाकली होती आणि त्या वेळात रस्ते ओस पडत. ह्या दोन्ही प्रसंगी यंत्र होतेच, करमणूकही होतीच. पण तिजबरोबर आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे वाट पाहणे. पुढचे गीत पुढच्या आठवड्यासच मिळणार, हे ठरलेले असल्यामुळे मधल्या सहा दिवसांत मागील गीताविषयी बोलणे होई. आज अख्खी मालिका एका रात्रीत पाहून संपविता येते. सकाळी डोळे लाल होतात, आणि बोलावे म्हटले तर शेजाऱ्याने दुसरीच मालिका पाहिलेली असते.

चित्रपटाचेही हेच झाले आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला, तेव्हापासून मराठी माणसाच्या सुटीत नाटकाच्या शेजारी चित्रपटाने आपले पाट मांडले. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ने व्हेनिसपर्यंत कीर्ती नेली, आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविले. हे चित्रपट पाहताना हजारभर अनोळखी माणसे एकाच वेळी डोळे पुसत होती. नागराज मंजुळे यांनी २०२२ साली ‘झुंड’मध्ये आपल्याच नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉल खेळणारी मुले पडद्यावर आणली. आपल्या गावच्या गल्ल्या, आपल्या गावची बोली सर्वांनी मिळून पडद्यावर पाहण्यात जो आनंद असतो, तो खोलीचे दार लावून पाहण्यात नाही.

परंतु सर्वांनी मिळून पाहावयाचे तर कोठे आणि किती पैशांत? मराठी चित्रपटास बहुपडदा चित्रपटगृहांत सोयीच्या वेळी जागा मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१५ साली पाऊल उचलले. तरीही दिवाळीसारख्या मोसमात मोठे हिंदी चित्रपट आले की, मराठी चित्रपटाच्या वाट्यास आडवेळेचे खेळ येतात, ही निर्मात्यांची तक्रार जुनीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यावरील तिकिटावर मात्र १८ टक्के कायम राहिला. सणाच्या सायंकाळी शंभराच्या आतील तिकीट आपणांस केव्हा मिळाले होते, हे वाचकांनीच आठवून पाहावे. चौघांच्या कुटुंबाने तिकिटे, खाणे आणि जाणे-येणे ह्यांचा हिशेब केला म्हणजे घरीच बसलेले बरे वाटते, आणि घरी बसले की चौघांचे चार पडदे होतात. लोक चित्रपटगृहाकडे फिरकत नाहीत म्हणून जे चालक हळहळतात, त्यांनी सुटीच्या आठवड्यात एक तरी मराठी खेळ सायंकाळी, मध्यमवर्गास परवडेल अशा दरात लावून पाहावा आणि मग रसिकतेस बोल लावावा.

आता ह्या विषयाची गंभीर बाजू. पूर्वी सणाच्या दिवशी बँक बंद असे, म्हणजे पैशासही सुटी असे. २०१६ पासून यूपीआयची सोय झाली. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस हे व्यवहार अष्टौप्रहर, सुटीच्या दिवशीही, चालू झाले. पणत्या विकणाऱ्या बाईस सुट्या पैशांची अडचण उरली नाही, ही त्यांतील चांगली गोष्ट. परंतु जो मार्ग पणतीवालीसाठी खुला झाला तोच भामट्यासाठीही खुला झाला. पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याची बतावणी करावयाची, तुमच्या नावावर गुन्हा आहे असे सांगावयाचे, आणि ‘डिजिटल अटके’च्या नावाखाली वृद्ध माणसास तासन् तास पडद्यापुढे बसवून त्याची आयुष्याची पुंजी लुबाडावयाची, हा प्रकार देशभर इतका बोकाळला की, २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांस त्याविषयी सावध करावे लागले. आपल्या कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. ही एक ओळ बेशातील, किंबहुना शहरातील प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाने कागदावर लिहून दूरध्वनीपाशी ठेवावी आणि तिच्याखाली १९३० हा तक्रारीचा क्रमांक लिहावा. जो माणूस सणाच्या दिवशी एकटा आहे, ज्याचा मुलगा दूर आहे आणि ज्याची बँकेतील ओळखीची खिडकी बंद आहे, त्यास घाबरविणे सर्वांत सोपे. भामट्याचे खरे हत्यार यंत्र नव्हे, तो एकटेपणा आहे.

येथे आम्ही आमच्या वाचकांच्या प्रश्नाकडे वळतो. खरे कोणते, हे कोणास विचारावे? वृत्तपत्राची छापील बातमी नेहमी निर्दोष असते असा दावा आम्ही करणार नाही. परंतु तिच्या मागे एक नाव असते, एक पत्ता असतो आणि ती खोटी ठरल्यास जाब देण्यास कायद्याने बांधलेला संपादक असतो. मोबाईलवर पुढे ढकललेल्या वार्तेचा धनी शोधू गेल्यास प्रत्येक जण आपल्यामागील माणसाकडे बोट दाखवितो आणि ती साखळी कोठेच संपत नाही. म्हणून आमचे उत्तर असे की, ज्या वार्तेस धनी नाही तिला एक रात्र थांबवून ठेवावे. एका रात्रीत खरी बातमी शिळी होत नाही आणि खोटी बहुधा कुजून जाते. त्याचबरोबर आम्हां वृत्तपत्रांचेही कर्तव्य वाढले आहे. सर्वांआधी सांगण्याच्या शर्यतीत आम्ही यंत्रापुढे केव्हाच हरलो आहोत. पारखून सांगण्याची शर्यत मात्र अद्याप आमच्या हाती आहे, आणि ती सोडली तर अंक निघाला काय आणि न निघाला काय, सारखेच.

केवळ उपदेशाने मात्र सुटी सुधारत नाही. तिला जागा लागते. काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून मराठी माणसाच्या फराळास वाचनाची जोड दिली. शंभराहून अधिक वर्षे टिकलेली ही परंपरा आपल्या भाषेचे भूषण आहे. आज अंकांच्या किमती पाहता चार-पाच अंक विकत घेणे सर्वांस जमत नाही, आणि ज्या दिवशी वाचकास सवड असते नेमक्या त्याच दिवशी वाचनालयास कुलूप असते. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात १९६७ पासून आहे. त्याच्या आधाराने नव्या वस्त्यांतून वाचनालये उभी करणे आणि ती सुटीत उघडी ठेवणे अशक्य नाही. बेसा-पिपळ्याच्या नगरपंचायतीने रस्ते, सांडपाणी आणि पाणीपुरवठा ह्यांच्या यादीत एका वाचनालयाचे नाव लिहावे, अशी आमची सूचना आहे. तोपर्यंत गृहनिर्माण संस्थांनीही पुष्कळ करावे. इमारतीच्या सभागृहात पाच घरांनी पाच दिवाळी अंक आणून ठेवले, तर प्रत्येकास एका किमतीत पाच वाचावयास मिळतील. एका सायंकाळी तेथे रीतसर परवानगीने एखादा मराठी चित्रपट दाखविला, तर एकट्या राहणाऱ्या वृद्धांस शेजार मिळेल. आणि ज्या तरुणांना मोबाईलची सारी कळसूत्रे ठाऊक आहेत, त्यांनी सुटीतील एक तास इमारतीतील आजी-आजोबांस भामटे कसे ओळखावे हे शिकविण्यात घालविला, तर ती ओवाळणी कोणत्याही पाकिटाहून मोलाची ठरेल.

आज भाऊबीज. दूर असलेल्या बहिणीने पडद्यावरून ओवाळावे, त्यात वावगे काही नाही. परंतु जी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकास राहते तिच्याकडे तरी भावाने स्वतः जावे, आणि जेवणाच्या पानावर बसताना ते यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवावे. त्या तासात जगात काही विशेष घडलेच, तर ते पारखून, तपासून उद्या सकाळी आपल्या दारात पोचविण्याची जबाबदारी आमची आहे. सर्व वाचकांस ही दीपावली सुखाची जावो.