मैदान कागदावर, पोरे रस्त्यावर

मुंबईत इमारती वाढल्या, माणसे वाढली. मैदाने त्या मानाने वाढली नाहीत. वस्तीतले पोरगे दोन रिक्षांच्या मधून चेंडू टाकते, काच फुटली की मार खाते. आई-बाप म्हणतात, पोर टवाळ झाले. आमचे म्हणणे, आधी त्याला खेळायला जागा दाखवा.

जागा नव्हती असे नाही. मध्य मुंबईत गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत तिची साधारण तीन हिश्शांत वाटणी ठरली होती. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. तिसऱ्या हिश्शात किती मैदाने झाली असती, हे आमच्यासारखा कारकूनही बोटांवर मोजेल. पण 2001 साली नियमात दुरुस्ती झाली. हिस्सा सगळ्या जमिनीचा काढायचा नाही, बांधकाम वगळून जी मोकळी असेल तेवढ्याचाच! पर्यावरणाचे काम करणाऱ्यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, 2005 साली तिथे जिंकलेही. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम केली. विणखात्यात विटाळाच्या नावाखाली ज्यांना पाय ठेवू दिला नाही आणि तरी ज्यांनी सूतखात्यात जन्म काढला, त्यांची नातवंडे आज तिथल्या मॉलच्या कुंपणाबाहेर खेळतात.

गेले ते गेले. जे कागदावर शिल्लक आहे त्याचे बोलू. मुंबईचा 2034 पर्यंतचा विकास आराखडा 2018 मध्ये लागू झाला. आपल्या वस्तीजवळच्या कोणत्या प्लॉटवर खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे, हे नगर भूमापन क्रमांक देऊन महापालिकेकडून कोणालाही कळू शकते. ते आताच का पाहायचे? 1966 च्या नगररचना कायद्यात 127 वे कलम आहे. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण उडते. नव्या आरक्षणांसाठी 2018 मध्ये दहा मिळवा. 2028 काही लांब नाही. बिल्डरांना ही तारीख पाठ असते, आपल्याला का नसावी?

आपण काही स्टेडियम मागत नाही. कबड्डीला पुरुषांसाठी 13 बाय 10 मीटर पुरतात, महिलांसाठी 12 बाय 8. खो-खोला 27 बाय 16. आणि मैदान मिळाले तर संध्याकाळचा एक तास मुलींचा म्हणून राखावा. नाहीतर त्या कठड्यावर बसून भावाच्या चपला सांभाळतात.

मंडळांच्या तरुणांनाही एक सांगणे आहे. जयंती झाली की मांडवाचे बांबू निघतात, खड्डे तसेच राहतात. पाय मुरगळतो तो आपल्याच पोराचा. माती टाकायला चार जण आणि एक सकाळ पुरे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास बसावे. वॉर्डाच्या आराखड्याची प्रत आणून भिंतीवर लावावी, आरक्षित प्लॉट लाल शाईने दाखवावेत. त्यावर सध्या काय आहे, ते दोघांनी जाऊन पाहून यावे. मग आया-बहिणींच्याही सह्या घेऊन अर्ज वॉर्डाच्या सहायक आयुक्तांकडे द्यावा. पोच हातात पडल्याशिवाय मात्र खिडकीवरून हलू नये. बिनपोचेचा अर्ज कुठे जातो, हे आम्ही इतकी वर्षे कचेरीत बसून पाहिले आहे.