परीक्षकाला छापलेलेच दिसते

हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्याच्या तोंडावर हळद निघू लागते, आणि मग कळमनुरीपासून वसमतपर्यंत शिजवण्याचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम चालू होतात. ड्रम फिरवायला कुठे मोटर असते, कुठे डिझेल इंजिन, कुठे ट्रॅक्टरचा पीटीओ. ताकद देणारा शाफ्ट आणि ताकद घेणारा शाफ्ट यांना जोडणारे कपलिंग हा या यंत्रांतला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जास्त मार खाणारा भाग. शेतातली जमीन उंचसखल, अँगलची चौकट वेल्डिंगच्या उष्णतेने ओढलेली, बेअरिंग झिजलेले. अशा ठिकाणी दोन शाफ्ट एका रेषेत बसतील ही अपेक्षाच चुकीची. मग रबर फाटते, क्रॉस सैल होतो, शिअर बोल्ट कापला जातो, आणि तालुक्याचा लेथवाला दुरुस्ती करताना काहीतरी बदल करून देतो. खाच रुंद करतो, मधला तुकडा वेगळ्या मालाचा घालतो. यातले काही कुठे लिहिले जात नाही. पेटंटच्या तपासणीत छोट्या गावांच्या वाट्याला जो अन्याय येण्याची शक्यता आहे, तो या न लिहिण्यातून येतो. परीक्षक फार कडक असतात या नेहमीच्या तक्रारीत मला फारसे तथ्य दिसत नाही. परीक्षकाला कागदापलीकडचे पाहताच येत नाही, ही माझी तक्रार आहे.

कपलिंगचेच उदाहरण घेण्याचे कारण असे की या क्षेत्रात नवे काही करणे फार अवघड आहे आणि नवे केल्याचा भास निर्माण करणे फार सोपे. समांतर पण सरकलेले दोन शाफ्ट जोडण्याचा प्रश्न जॉन ओल्डहॅम या आयरिश इंजिनिअरने १८२१ च्या सुमारास वाफेच्या बोटींसाठी सोडवला. दोन चकत्यांच्या मध्ये तिसरी चकती, तिच्या दोन्ही बाजूंना एकमेकींशी काटकोनात असलेल्या जिभा, एवढीच ती रचना. कोनात असलेले शाफ्ट जोडणारा क्रॉसचा जॉइंट तर त्याहून जुना. कार्दानोचे नाव त्याला चिकटले आहे आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला. त्याचा दोष असा की शाफ्ट कोनात असला की पुढच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो, म्हणून रोटाव्हेटरच्या शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस लावतात आणि त्यांची दिशा जुळवतात. दिशा चुकली की ट्रॅक्टर थरथरतो, हे कुणाही चालकाला ठाऊक असते. मोटरच्या शाफ्टवर दिसणारे, दातांमध्ये रबरी चांदणी असलेले लव्हजॉय कपलिंग १९२७ चे. पेटंटच्या जागतिक वर्गवारीत कपलिंगना ‘एफ १६ डी’ असा स्वतंत्र वर्ग आहे, आणि त्यात शे-सव्वाशे वर्षांची कागदपत्रे रचून ठेवलेली आहेत.

परीक्षक अर्जातल्या दाव्याचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा या ढिगात शोधतो. समजा, कुणी ओल्डहॅमच्या मधल्या चकतीऐवजी नायलॉनची चकती घातली, शेजारी एक शिअर पिन बसवली आणि पेटंट मागितले. नायलॉन नायलॉनचे काम करते, पिन पिनेचे. दोघांनी एकत्र येऊन तिसरे काही घडवलेले नाही. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३ (एफ) अशा रचनेला शोध मानत नाही. पण त्याच चकतीच्या खाचेचा आकार असा घडवला की ठरावीक भारापलीकडे ती स्वतःच निसटेल, काही मोडणार नाही, आणि भार उतरल्यावर पुन्हा जागेवर बसेल, तर मामला बदलतो. दोन्ही यंत्रांचे फोटो शेजारी ठेवले तर सामान्य माणसाला फरक कळणारही नाही. तो फरक शोधून काढणे, हेच परीक्षकाचे खरे काम.

या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली कसोटी योगायोगाने लेथवरच्याच कामातून आली आहे. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्या एका कंपनीने भांडे लेथवर पकडून फिरवण्याच्या साधनावर १९५१ मध्ये पेटंट मिळवले होते. दुसऱ्या उत्पादकाशी वाद झाला आणि ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज’ या खटल्यात डिसेंबर १९७८ मध्ये निकाल लागला. आधीच माहीत असलेल्या भागांची कारखान्यात सहज सुचणारी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असे म्हणून न्यायालयाने ते पेटंट टिकू दिले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मोटारीच्या पॅडलवरच्या ‘केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स’ खटल्यात साधारण हाच रस्ता धरला. साध्या वस्तूला पेटंट नाहीच, असा मात्र याचा अर्थ नाही. ‘राजप्रकाश विरुद्ध मंगतराम चौधरी’ खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १९७७ मध्ये फिल्मच्या पट्ट्या पाहण्याच्या एका साध्या खेळण्यासारख्या साधनाचे पेटंट वैध ठरवले होते. मिर्झापूरचा धडा वेगळाच आहे. १९५१ चे पेटंट चुकीचे होते हे ठरायला १९७८ उजाडले, आणि ते ठरवण्यासाठी कुणाला तरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तपासणीच्या टप्प्यावर सुटलेली चूक नंतर किती महाग पडते, ते यावरून दिसते.

ही चूक का सुटते, तेही कायद्यातच लिहिलेले आहे. कलम १३ प्रमाणे परीक्षक शोध घेतो तो आधीच्या अर्जांत आणि प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांत. एखादी वस्तू भारतात आधीपासून सर्वांसमोर वापरात होती, हा मुद्दा कायद्याला मान्य आहे. पण तो पुढे येतो कलम २५ खालच्या विरोधात किंवा कलम ६४ खाली पेटंट रद्द करण्याच्या अर्जात. म्हणजे तो कुणीतरी बाहेरून आणून द्यावा लागतो. कळमनुरीतल्या दहा ड्रमांवर एखादी जोडणी दहा वर्षे फिरत असली, तरी मुंबईच्या पेटंट कार्यालयात बसलेल्या परीक्षकासाठी ती अस्तित्वातच नाही. यात त्याचा दोष काही नाही. त्याच्यासमोर पडदा आहे, आणि पडद्यावर छापलेलेच उमटते.

हळद पिकवणाऱ्या जिल्ह्याला हे समजावून सांगण्याची तशी गरज नसावी. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते दावे फेटाळले गेले. आपण हा विजय आजीच्या बटव्याचा म्हणून साजरा करतो, पण तो प्रत्यक्षात ग्रंथालयाचा विजय होता. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर मोजलाच जात नव्हता, छापील पुरावा लागत असे. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने संदर्भ आणि छापलेले लेख पुढे ठेवले म्हणून हळद सुटली. त्यातून शहाणे होऊन २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारायला सुरुवात झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग यांतले ज्ञान पाच परकीय भाषांत मांडून ते जगभरच्या पेटंट कार्यालयांना खुले केले गेले. काढ्यांची अशी राखण झाली. हळद जिच्यात घासली जाते त्या ड्रमची आणि त्याच्या कपलिंगची नोंद मात्र कुणी ठेवत नाही, कारण लेथवाल्याच्या हातातले कसब हेही ज्ञान आहे, हे आपल्या विद्वानांना अजून पटायचे आहे.

ही उणीव आताच टोचण्याचे कारण वेग. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ३४ हजार पेटंट दिली गेली. २०२३-२४ मध्ये हा आकडा एक लाखाच्या वर गेला. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२२ च्या टिपणानुसार मार्च २०२२ अखेर आपल्या पेटंट कार्यालयात ८६० माणसे होती, चीनमध्ये तेरा हजारांहून अधिक आणि अमेरिकेत आठ हजारांहून अधिक. त्यानंतर भरती झाली, अर्ज तुंबणे कमी झाले, हे चांगलेच. पण त्याच काळात महाविद्यालयांच्या राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटच्या संख्येला गुण आहेत, शैक्षणिक संस्थांना शुल्कात ऐंशी टक्के सवलत आहे, आणि नुसता प्रसिद्ध झालेला अर्जही बायोडेटात ‘पेटंट’ म्हणून मिरवला जातो. अशा वातावरणात फायलींचा ढीग वाढतो आणि प्रत्येक फाइलला मिळणारा वेळ घटण्याची भीती असते.

दोन आक्षेप इथे येतील. पहिला, कडक तपासणीने गावाकडचा संशोधक नाउमेद होईल. त्यापेक्षा जर्मनी किंवा चीनसारखे छोट्या सुधारणांसाठी दहा वर्षांचे हलके पेटंट आणा. केंद्र सरकारने २०११ मध्ये त्यावर चर्चापत्रही काढले होते. कल्पना आकर्षक आहे, पण जर्मनीत ते हक्क नावीन्य न तपासताच नोंदले जातात. म्हणजे तपासणीचा भार नंतर न्यायालयावर आणि ज्याला नोटीस आली त्याच्यावर पडतो. वकील लावण्याची ऐपत असलेल्याला हे परवडते. लेथवाल्याला परवडत नाही. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: कळमनुरीच्या वेल्डिंगच्या दुकानावर खटला भरायला कोण येणार आहे? आज बहुधा कुणी नाही, आणि कलम १११ प्रमाणे पेटंटची माहितीच नव्हती हे सिद्ध करणाऱ्याकडून नुकसानभरपाई घेता येत नाही. पण मनाई हुकूम तरीही मिळू शकतो. शिवाय तोच कारागीर उद्या दहा ड्रमांऐवजी पाचशे बनवू लागला, सरकारी अनुदानाच्या यादीत त्याचे यंत्र आले, तर नोटीस नेमकी तेव्हा येईल. वाढणाऱ्यालाच अडवणारा हा धोका आहे.

नोंद ठेवली म्हणजे कारागिराचे कसब फुकट वाटले, असेही कुणी म्हणेल. ज्याच्याकडे खरोखर नवे काही आहे त्याने विकण्याआधी अर्ज करावा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला १६०० रुपये लागतात आणि तात्पुरते विवरण देऊन पूर्ण विवरणासाठी बारा महिने मिळतात. पण एकदा यंत्र विकून लोकांच्या शेतात फिरू लागले की त्याचे स्वतःचे पेटंट बहुतेक वेळा हातचे गेलेलेच असते. तेव्हा उरतो तो एकच हक्क: उद्या दुसऱ्याने त्यावर मालकी सांगू नये, हा. नोंद त्यासाठी.

ही नोंद अवघड नाही. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र कळमनुरी तालुक्यातच आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, आयटीआयमध्ये टर्नर-फिटरची मुले आहेत. हंगामात चालणाऱ्या यंत्रांच्या जोडण्यांची मापे, रेखाटने, फोटो आणि वापराची तारीख घेऊन दरवर्षी एक पुस्तिका छापावी आणि ती ऑनलाइन ठेवावी. पुस्तिका मराठीत असली तरी चालते; कायद्याला कागदाची भाषा महत्त्वाची नाही, प्रसिद्धीची तारीख महत्त्वाची आहे. पेटंट कार्यालयाकडेही दोन मागण्या आहेत. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, पण फक्त इंग्रजीत किंवा हिंदीत. शेती यंत्रांच्या अर्जांचा सारांश तरी मराठीसह प्रादेशिक भाषांत मिळावा. आणि पेटंट मिळण्याआधी विरोध नोंदवायला २०२४ च्या नियमांपूर्वी पैसे लागत नसत, आता शुल्क आहे. आधीच्या सार्वजनिक वापराचा पुरावा घेऊन येणाऱ्या कारागिराला आणि शेतकऱ्याला ते माफ करावे. परीक्षकाला जे दिसत नाही ते फुकट दाखवायला आलेल्या माणसाकडून पैसे घेणे, हा या नियमांतला सर्वांत अडाणी भाग आहे.