पाणबुड्याचें नांव कोणीं नेलें?

माझगांवच्या गोदींत बांधलेली 'शल्की' 1992 सालीं नौदलांत दाखल झाली. तेव्हांपासून 2017 सालच्या 'कलवरी'पर्यंत आणि तिच्या मागून आलेल्या भगिनींपर्यंत आमच्या वृत्तपत्रांनीं एक शब्द न चुकतां वापरला आहे, तो म्हणजे 'पाणबुडी'. शब्द चांगला आहे व त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती निराळीच. पाणबुड्या म्हणजे मुळांत बुडी मारून तळचें कांहीं वर काढणारा मनुष्य. विहिरींत पडलेली कळशी काढणारा, बंदरांत तुटलेला नांगर शोधणारा. त्याच्या कामावरून यंत्राला नांव मिळालें, आणि आज त्याच मनुष्याला 'डायव्हर' म्हटल्यावांचून आमच्या सुशिक्षितांचें समाधान होत नाहीं! नातवाला आजोबांचें नांव ठेवावें हें योग्यच. पण त्यापायीं आजोबांनीं निनांवी व्हावें काय?

हा विषय आम्हांस सुचला तो लालबागच्या आमच्या एका विद्यार्थ्यामुळें. त्याचे आजोबा मालवणाकडून गिरणींत साचे चालवावयास आले. नातू नाताळच्या सुटींत त्याच मालवणास गेला तो पाठीला टाकी बांधून समुद्राचा तळ पाहण्यासाठीं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या व तारकर्लीच्या आसपास आतां हा खेळ चांगलाच रुजला आहे, आणि दादर-परळचीं कुटुंबेंच्या कुटुंबें तेथें जातात. परत आल्यावर त्यानें आम्हांस जी हकीकत सांगितली तींत मौजेचा भाग होता तसाच काळजीचाहि होता. पाण्यांत उतरण्यापूर्वीं वाटाड्यानें पाव तास सूचना दिल्या. वाटाड्या मालवणी, ऐकणारे सारे मराठी. पण सूचना मात्र इंग्रजी शब्दांच्या! 'इक्वलाइझ', 'बॉयन्सी', 'रेग्युलेटर' हे शब्द दोन्ही पक्षांस सारखेच परके होते. पाण्याखालीं गेल्यावर 'ठीक चाललें आहे' असें दाखविण्यासाठीं आमच्या या विद्यार्थ्यानें अंगठा वर केला. वाटाड्यानें त्यास तत्काळ वर आणलें. पुन्हां खालीं गेला, पुन्हां अंगठा केला, पुन्हां वर आला. त्या विद्येंत वर केलेला अंगठा म्हणजे 'वर चला'. 'ठीक' म्हणावयाचें तर अंगठा व तर्जनी जुळवून वर्तुळ करावें लागतें. हें सांगितलें गेलें होतें. कळलें नव्हतें.

आमचे एक विद्वान स्नेही गिरगांवांत राहतात. त्यांस ही हकीकत कळतांच त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं 'स्कूबा'ला प्रतिशब्द तयार करून पाठविला: 'स्वयंपूर्ण-अंतर्जलीय-श्वसनसाधन'. पांच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून गेल्या शतकाच्या मध्याला झालेला हा शब्द. तीं पांच पदें आज इंग्रजांनाहि आठवत नाहींत, आणि आम्हीं त्यांचा जीर्णोद्धार करावा! हा शब्द उच्चारण्यांत जेवढी हवा खर्चेल तेवढ्यांत पाणबुड्या किनाऱ्यास लागेल. प्रतिशब्द करण्याच्या उद्योगाची आम्ही थट्टा करीत नाहीं. सावरकरांनीं दिलेले 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' आज कोणास टोंचत नाहींत. पण ते शब्द तोंडांत मावतात. ज्या गिरणगांवांत आमचा हा विद्यार्थी वाढला तेथें पंडितांची सभा न भरवितां 'भोंगा' झाला, 'पाळी' झाली, 'साचा' झाला. काम करणाऱ्याला शब्दाची निकड लागते तेव्हां तो हाताशीं असलेल्या शब्दालाच नव्या कामास जुंपतो. इंग्रजीचेंहि तसेंच आहे. पाण्यांतून घाईनें वर आल्यास रक्तांत विरलेल्या नत्रवायूचे बुडबुडे होतात, सांधे ठणकतात आणि मनुष्य वांकतो. या विकाराचें 'बेंड्स' हें नांव कोणा वैद्यानें दिलेलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील पुलांचे पाये दाबाच्या हवेंत खणणाऱ्या मजुरांनीं वांकलेल्या सोबत्यास पाहून, त्या काळच्या नटव्या स्त्रियांच्या वांकून चालण्यावरून, तें थट्टेनें पाडलें.

तेव्हां 'स्कूबा' खुशाल राहूं द्यावा. आमचा आग्रह आहे तो ज्या शब्दांची चूक जिवावर बेतते त्यांच्याविषयीं. पहिला शब्द 'प्राणवायू'. पाणबुड्याच्या पाठीवर 'प्राणवायूची टाकी' असते असें आमचीं वृत्तपत्रें हटकून लिहितात. हें धडधडीत असत्य आहे. हौशी माणसाच्या टाकींत साधी हवाच दाबून भरलेली असते, म्हणजे शंभरांत एकवीस भाग प्राणवायु आणि बाकीचा बहुतेक नत्रवायु. शुद्ध प्राणवायु सहा मीटरांच्या खालीं हुंगला तर मनुष्यास झटके येऊं शकतात. उच्च दाबाखालीं तो विषासारखा वागतो हें पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें 1878 सालींच दाखवून दिलें. नौदलांतले लोक कांहीं कामांसाठीं तो वापरतात, पण उथळ पाण्यांत आणि शिक्षण घेऊन. आतां वाचक म्हणतील कीं एवढ्याशा शब्दानें काय बिघडतें? बिघडतें असें कीं ज्याच्या नांवांतच प्राण आहे त्यापासून प्राणास भय असेल हें कोणाच्या स्वप्नांतहि येणार नाहीं. येथें खुद्द शब्दच फसवितो. म्हणून 'हवेची टाकी' म्हणावें. तेवढें पुरे आहे.

दुसरा शब्द आमचा लाडका 'बुडी'. या बाबतींत मराठी इंग्रजीहून श्रीमंत आहे. दादरच्या तलावावर उंच फळीवरून उडी घेणारा 'सूर' मारतो, गुडघे पोटाशीं घेऊन पडणारा 'मुटका' मारतो, तळाशीं जाणारा 'बुडी' मारतो, आणि ज्याला यांतलें कांहींच येत नाहीं तो 'गटांगळ्या' खातो. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीला इंग्रजींत एकच 'डाइव्ह'! पण या श्रीमंतींतच धोका दडला आहे. बुडी म्हटली कीं मराठी माणूस आपोआप छाती भरून घेतो आणि दम कोंडतो. विहिरीवर तो तसेंच शिकला. टाकी घेऊन उतरणाऱ्याचा पहिला नियम नेमका याच्या उलट आहे: दम केव्हांहि कोंडूं नये. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तेथें भरलेली छाती तशीच कोंडून वर आलें तर आंतली हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस फाटतें. आमच्या विद्यार्थ्यास 'ब्रीद कंटिन्युअसली' असें सांगण्यात आलें होतें. पदवीच्या वर्गांतला मुलगा, अर्थ त्यास कळत नव्हता असें नाहीं. पण भीतीच्या क्षणीं मनुष्य ऐकतो तें आईच्या भाषेंतलें. त्यानें दम कोंडला होता, असें त्यानेंच आम्हांस सांगितलें. वाटाडा सावध होता, त्यानें दंड धरून त्यास श्वास सोडावयास लाविलें. म्हणून आमची सूचना अशी कीं 'दमाची बुडी' आणि 'टाकीची बुडी' अशीं दोन निरनिराळीं नांवें चालवावीं, म्हणजे दोन निराळे नियम आहेत हें नांवानेंच कळेल.

कोणी म्हणेल, ही विद्या जगभर इंग्रजींत चालते, प्रमाणपत्रें इंग्रजींत मिळतात, मग मराठीचा हट्ट कां? ज्याला प्रमाणपत्र घेऊन देशोदेशीं बुड्या मारावयाच्या आहेत त्यानें इंग्रजी अवश्य शिकावी. आम्ही तीस वर्षें त्याच भाषेवर पोट भरीत आहों. पण दोन मुलांस घेऊन परळाहून आलेली गृहिणी अर्ध्या तासासाठीं पाण्यांत उतरते; तिला इंग्रजी शिकविण्याची ती वेळ नव्हे. आणि शब्द नाहींत असेंहि नाहीं. अमावास्या-पौर्णिमेचें 'उधाण' आणि अष्टमीच्या सुमारचा मंद 'भांग' यांतला भेद वरळीच्या कोळ्याचें पोर जाणतें. आम्हीं मात्र 'स्प्रिंग टाइड' आणि 'नीप टाइड' पाठ करून परीक्षा दिली, आणि 'स्प्रिंग'चा वसंत ऋतूशीं संबंध असावा असें बरींच वर्षें समजत होतों. शाळेच्या पुस्तकांतलें 'प्लावक बल' बरोबर आहे, परंतु तें फळ्यावर शोभतें. न बुडतां न तरंगतां मधोमध राहण्याची जी कला या खेळाचें सर्वस्व आहे, तिला 'अधांतरीं राहणें' याहून नेमकें काय म्हणावें?

हे शब्द एका कार्डावर लिहून आम्हीं त्या विद्यार्थ्यापाशीं दिले. शिमग्याला तो गांवीं गेला तेव्हां त्यानें कार्ड वाटाड्यास दाखविलें. 'हवेची टाकी', 'टाकीची बुडी' आणि 'अधांतरीं' हे तीन शब्द त्यानें ठेविले. फार खोल गेल्यावर नत्रवायूमुळें मनुष्यास जी धुंदी येते तिला आम्हीं मोठ्या हौसेनें 'खोलीची झिंग' असें नांव दिलें होतें. तें त्यानें खोडलें, आणि बाजूला पेन्सिलीनें लिहिलें: 'हेका चढली'.